जुन्नरच्या पावसात गहू कोण पेरतं?

"तुमचा नेमका विषय कोणता?" सहायक प्राध्यापकपदाच्या मुलाखतीतला हा पहिलाच प्रश्न, आणि माझ्या विद्यार्थिनीचं घोडं तिथेच अडलं. ती म्हणाली, "रशियन आणि इटालियन फिलॉलॉजी." समितीतल्या एका सदस्यांनी फाइल मिटली आणि शेजारच्यांकडे पाहून हळूच म्हणाले, "एक ना धड..." पुढची म्हण त्यांनी पूर्ण केली नाही, पण तिला ती ऐकू आली. पुढची दहा मिनिटं तिने उत्तरं दिली खरी, पण मुलाखत तिथेच संपली होती.

हे प्रकरण तिच्या परवानगीने लिहितो आहे. तिचं नाव, महाविद्यालय, मुलाखतीचं वर्ष यातलं काही देत नाही. पुण्यात परकीय भाषा शिकवणाऱ्यांचं जग लहान आहे, दोन खुणा दिल्या की माणूस ओळखू येतो. मी आयुष्यभर रशियन शिकवलं. तिला सिरिलिक अक्षरं मीच गिरवायला लावली होती. त्यामुळे मी तटस्थ नाही, हे आधीच सांगतो.

तिची सुरुवात पुण्यातल्या कितीतरी जणींसारखी झाली. बी.कॉम. करताना संध्याकाळी फर्ग्युसन रस्त्यावर 'रानडे'ला रशियनचा सर्टिफिकेट कोर्स, मग डिप्लोमा, मग गोडी लागली म्हणून एम.ए. त्यानंतर रशियनमध्ये नेट, म्हणजे प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, आणि शिष्यवृत्तीवर एक वर्ष मॉस्कोच्या पुश्किन इन्स्टिट्यूटमध्ये. इटालियन आलं ते मात्र पोटापाण्याच्या वाटेने. रांजणगाव-चाकणच्या कारखान्यांत इटालियन मशिनं बसत होती, तंत्रज्ञ यायचे आणि दुभाषी मिळत नसे. तिने चार महिन्यांत कामापुरतं इटालियन शिकून घेतलं. पहिल्याच दिवशी एक तंत्रज्ञ 'ग्वार्नित्सिओने' मागत होता. तिच्या शब्दकोशात त्याचा पहिला अर्थ होता पदार्थावरची सजावट. तिने हाताने आकार विचारला, तेव्हा शेजारचा फिटर म्हणाला, "मॅडम, तो पॅकिंग मागतोय." मशीनच्या दोन भागांत बसते ती गॅस्केट. त्या दिवशी घरी येऊन तिने मला फोन केला. शब्द चुकल्याचं तिला वाईट वाटलं नव्हतं. एकाच शब्दात स्वयंपाकघर आणि कारखाना कसा मावला, हे तिला शोधायचं होतं. ही मुलगी दुभाषी म्हणून रमणार नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पुढे इटालियन शिष्यवृत्ती मिळाली आणि ती पेरुजाला, परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या विद्यापीठात गेली. तिथेच पहिला गोंधळ झाला. या प्रकरणाचं मूळ त्या गोंधळात आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

'फिलॉलॉजी' हा शब्द आपल्याकडे जुना आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७७ साली मुंबईत विल्सन फिलॉलॉजिकल व्याख्यानं दिली, ती संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषांवर होती. मराठीत आपण त्याला ढोबळपणे भाषाशास्त्र म्हणत आलो. रशियात मात्र 'फिलोलोगिया' म्हणजे अख्खी विद्याशाखा: उच्चारशास्त्रापासून कादंबरीपर्यंत सगळं तिच्या पोटात. विद्यापीठात भाषा-साहित्य शिकलेला प्रत्येक जण तिथे 'फिलोलोग'. मॉस्कोहून येताना तिने हाच अर्थ डोक्यात आणला होता. पेरुजातल्या पहिल्याच तासाला 'फिलोलोजिया'च्या शिक्षिकेने तिच्यापुढे एकाच कवितेच्या तीन हस्तलिखितांच्या छायाप्रती ठेवल्या. तिन्हींत एक शब्द वेगळा होता. शिक्षिका म्हणाली, "कवीने कोणता लिहिला असेल, ठरव. आणि का, ते सांग." इटलीत फिलॉलॉजी म्हणजे मुख्यतः हेच, ज्याला आपण पाठचिकित्सा म्हणतो. इटलीचा महाकवी दान्ते याच्या हातची एक ओळही उरलेली नाही. त्याच्या महाकाव्याची सुमारे आठशे हस्तलिखितं आहेत आणि ती एकमेकांशी भांडतात. त्या भांडणातून मूळ पाठ काढता काढता तिथल्या लोकांनी एक शास्त्रच उभं केलं.

तर तिच्या दोन प्रमाणपत्रांवर एकच शब्द होता आणि त्याचे अर्थ दोन होते. आपल्या नेमणुकीच्या अर्जात दोन्हींनाही जागा नाही. नेटच्या विषययादीत रशियनला स्वतंत्र क्रमांक आहे, इटालियनला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांत सहायक प्राध्यापकासाठी संबंधित विषयातली पदव्युत्तर पदवी आणि नेट, सेट किंवा पीएच.डी. लागते. रशियनपुरती ती पात्र होती. इटालियनची सगळी वर्षं अर्जाच्या शेवटच्या रकान्यात, 'इतर' मध्ये जाऊन पडली.

मुलाखतीच्या वेळी तिचा दिवस कसा जायचा, तेही नोंदवतो, कारण समितीला तो दिसत नव्हता. सकाळी महाविद्यालयात रशियन, तासिका तत्त्वावर. प्रवेश किती होतात त्यावर तास ठरणार. सुट्टीत आणि परीक्षेच्या दिवसांत तास नाहीत, म्हणजे मानधनही नाही. संध्याकाळी कोथरूडमधल्या भाड्याच्या खोलीत इटालियन: ए-वन, ए-टू, बी-वन. तिथे येणारी मुलं बहुतेक मिलान-तोरिनोला इंजिनियरिंग किंवा डिझाइन शिकायला जाणारी, म्हणून त्यांना हवी असते प्रमाणपत्राची परीक्षा. शनिवारी रशियात मेडिकलला निघालेल्या मुलांना अक्षरओळख. रात्री भाषांतरं. वाचनासाठी उरायची ती रविवारची दुपार.

पहिल्या मुलाखतीनंतर ती माझ्याकडे आली, आणि मी तिला चुकीचा सल्ला दिला. म्हणालो, "दोन दगडांवर पाय ठेवू नकोस. इटालियन सोड. रशियन क्रियापदांवर पीएच.डी. कर. विषय आखीव आहे, मार्गदर्शकही मिळेल." सल्ला व्यवहाराचा होता. तिला तो जमलाही असता. रशियन क्रियापदाचं पूर्ण-अपूर्ण रूप मराठी मुलांना ती ज्या पद्धतीने शिकवते ती मी इतर कुणाकडे पाहिलेली नाही. 'वाचलं' आणि 'वाचून काढलं', 'खाल्लं' आणि 'खाऊन टाकलं' हा फरक आपल्या कानात आधीच आहे, तिथूनच ती धरते. मुलं अर्ध्या तासात समजतात. पण ती म्हणाली, "सर, ते मी शिकवीन. त्यावर आयुष्य काढायचं नाही मला." मला राग आला होता. आज वाटतं, तिने ऐकलं नाही हे फार चांगलं झालं.

दोनेक महिन्यांनी ती मला भांडारकर संस्थेत घेऊन गेली. लॉ कॉलेज रस्त्यावरून आपण रोज जातो-येतो, पण आत काय झालं आहे याचा विचार किती वेळा करतो? महाभारताची चिकित्सक आवृत्ती इथे १९१९ मध्ये हाती घेतली गेली आणि १९६६ मध्ये पुरी झाली. विष्णु सीताराम सुकथनकरांनी १९२५ पासून ती धुरा वाहिली. शारदा लिपीपासून मल्याळम लिपीपर्यंत, एकूण १,२५९ हस्तलिखितं पाहिली गेली. लिहिणाऱ्यांनी शतकानुशतकं एकाच प्रतीवरून नक्कल केली असती, तर प्रतींचा सरळ वंशवृक्ष काढता आला असता. पण लेखनिक दोन-तीन प्रती समोर ठेवून लिहीत होते, इथलं तिथे घालत होते. त्यामुळे झाडाच्या फांद्या एकमेकींत गुंतल्या. सुकथनकरांनी १९३३ च्या प्रस्तावनेत या गुंत्याशी समोरासमोर झुंज घेतली. "आणि १९३४ मध्ये," ती म्हणाली, "फ्लॉरेन्सला जॉर्जो पास्क्वाली याच गुंत्यावर पुस्तक काढतो. प्रत उशिराची आहे म्हणून ती हीन ठरत नाही, असं बजावतो. सर, एक वर्षाचं अंतर!"

तिने आणखी एक जोडी काढली होती. फ्लॉरेन्समध्ये 'आक्कादेमिया देल्ला क्रुस्का' १५८३ साली स्थापन झाली. क्रुस्का म्हणजे कोंडा. भाषेचं पीठ चाळून कोंडा बाजूला काढणारी मंडळी. त्यांनी प्रती ताडून दान्तेचा शुद्ध केलेला पाठ १५९५ मध्ये छापला. इकडे पैठणला एकनाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ ला. दोन्ही ठिकाणी कवी जाऊन पावणेतीनशे-तीनशे वर्षं झाली होती, लोक पाठ करत होते आणि नकलांतून शब्द हलले होते. इकडचा तिकडच्याला पत्ता नव्हता. तरी दुखणं एक आणि औषधही बरंचसं एक.

इथपर्यंत मी ऐकून घेतलं, पण माझं मन रशियनवर अडलेलं होतं. विचारलं, "यात माझी भाषा कुठे आहे?" तिने लिखाचोव्हचं नाव घेतलं. दिमित्री लिखाचोव्हचा 'टेक्स्टोलॉजी'वरचा ग्रंथ १९६२ चा. जुन्या रशियन हस्तलिखितांवर आयुष्य घालवलेला हा माणूस सांगतो की मूळ पाठ शोधून थांबू नका. लेखनिकाने बदल केला तो हाताच्या चुकीने की विचार करून, ते पाहा. प्रत्येक प्रत एका काळाची, एका मनाची साक्ष आहे. मग ती ज्ञानेश्वरीकडे परत आली. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली, तेव्हापासून आपण वाद घालतो तो एकाच प्रश्नावर: जुना पाठ कोणता? हा इटालियन पद्धतीचा प्रश्न, आणि तो विचारलाच पाहिजे. पण नाथांनी एखादा शब्द का बदलला, त्यांच्या काळी कोणता शब्द लोकांना कळेनासा झाला होता, हा रशियन पद्धतीचा प्रश्न आपण फार कमी विचारतो. हे दोन प्रश्न मूळ भाषांतून वाचून शेजारी शेजारी ठेवू शकेल असं माणूस महाराष्ट्रात किती सापडेल? माझ्यासमोर एक बसलेली होती, आणि मी तिला त्यातली एक भाषा सोडायला सांगितलं होतं.

तरीही हे सगळं अजून कल्पनाच होतं. त्यातून काम उभं राहिलं ते वर्गात, एका मुलामुळे.

एस.वाय.च्या वर्गाला ती अफनासी निकितीन वाचायला देत होती. त्व्येर गावचा हा व्यापारी पंधराव्या शतकात, १४७० च्या आसपास, एक घोडा घेऊन समुद्रमार्गे चौलला उतरला आणि पाली करत जुन्नरला पोचला. तेव्हा बहामनी राज्य होतं. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि सांगितलं, आमच्या धर्मात ये, घोडा देतो, वर हजार मोहरा देतो. एका खुरासानी माणसाने रदबदली केली म्हणून तो सुटला. गावाचं नाव तो 'च्युनेर' असं लिहितो. खडकावरचं ठिकाण, देवानेच घडवलेलं, आणि वर जाणारी वाट इतकी अरुंद की एका वेळी एकच माणूस चढेल. हे वाचताना वर्गातली निम्मी मुलं शिवनेरी म्हणून ओरडली.

तिने फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. पहिल्यात निकितीन म्हणतो की आम्ही जुन्नरला 'झिमोवाली', हिवाळा काढला. दोन महिने राहिलो. चार महिने रात्रंदिवस सगळीकडे पाणी आणि चिखल. एका मुलीने विचारलं, हिवाळ्यात चिखल कसा? मागच्या बाकावरचा मुलगा, जुन्नर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातला, म्हणाला, "मॅडम, हा पावसाळा आहे. चार महिने म्हणजे चातुर्मास." बरोबर होतं. रशियन माणसाला वर्षातला घरात बसून काढायचा काळ म्हणजे हिवाळा. त्याच्याजवळ पावसाळ्याला शब्दच नव्हता, म्हणून त्याने जुना शब्द नव्या ऋतूला लावला.

मग दुसरं वाक्य. त्याच दिवसांत तिथले लोक नांगरतात आणि पेरतात: 'प्शेनित्सा', 'तुतुर्गान' आणि 'नोगुत'. प्शेनित्सा म्हणजे गहू. तुतुर्गान हा तुर्की शब्द, अर्थ भात. नोगुत म्हणजे फारसी 'नखुद', हरभरा. ती पुढच्या ओळीकडे वळणार, तेवढ्यात तोच मुलगा उठला. "मॅडम, पावसाळ्यात गहू कोण पेरतं? हरभरा पण रब्बीचा. भात ठीक आहे. बाकीचं हा माणूस खोटं सांगतोय."

तिने मला नंतर सांगितलं की त्या क्षणी तिला पेरुजाचा तास आठवला. तीन छायाप्रती आणि 'ठरव'. फरक इतकाच की या वेळी ठरवायला लागणारं ज्ञान पुस्तकात नव्हतं, मागच्या बाकावर होतं.

त्या रात्री ती कामाला लागली. निकितीनच्या लेखनाची मूळ प्रत नाही. तो त्व्येरला पोचण्याआधीच स्मोलेन्स्कच्या वाटेवर वारला. त्याचं टिपण वृत्तांतग्रंथांत घातलं गेलं आणि आज ते वेगवेगळ्या नकलांतून मिळतं. मग शक्यता मोजायच्या. लेखनिकाला परका शब्द कळला नाही म्हणून त्याने 'गहू' घातला असेल. किंवा निकितीनने पुढे बीदरकडे गेल्यावर पाहिलेली रब्बीची पेरणी आठवणीतून जुन्नरच्या पावसात मिसळली असेल. तो ऑगस्टच्या सुमारास जुन्नर सोडतो, म्हणजे रब्बीची पेरणी त्याने तिथे पाहिलेलीच नाही. किंवा त्याच्या भाषेत ज्या धान्यांना नाव नव्हतं, त्यांना त्याने जवळचं नाव दिलं: जसा पावसाळ्याला हिवाळा, तसं बाजरी किंवा नाचणीला गहू, आणि एखाद्या खरिपाच्या कडधान्याला हरभरा. तिचा कल या तिसऱ्या शक्यतेकडे आहे. माझाही. ज्या माणसाने घोड्याच्या चाऱ्याबद्दल लिहिताना 'किचिरिस', म्हणजे खिचडी, साखर-तुपासह नोंदवली, तो डोळे मिटून फिरत नव्हता. त्याला दिसत होतं सगळं, शब्द तेवढे अपुरे पडत होते.

आता फाइलबद्दल. दुसऱ्या मुलाखतीआधी आम्ही तीन रविवार बसून ती नव्याने बांधली. पहिल्या फाइलमध्ये दोन भाषांचे दोन रकाने होते: इतके कोर्स, इतके तास, इतकी भाषांतरं. ते काढून टाकलं. पहिल्या पानावर तीन प्रश्न घेतले. परदेशी प्रवाशाने दख्खनबद्दल लिहिलेला मजकूर नकलांतून आपल्यापर्यंत येताना कसा बदलतो? त्याच्या भाषेत नसलेल्या वस्तूला तो कोणता शब्द लावतो? आणि मराठी हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेला इटालियन आणि रशियन परंपरांतून काय घेता येईल? प्रत्येक प्रश्नाखाली तिने काय वाचलं, कोणत्या भाषेतून, वर्गात काय केलं, लेखाचा मसुदा कुठपर्यंत आला.

इटालियन आता 'इतर'मध्ये राहिलं नाही. निकोलाओ मनुची हा व्हेनिसचा माणूस १६६५ साली पुरंदरच्या मोहिमेत मिर्झाराजा जयसिंहाच्या छावणीत होता आणि शिवाजीमहाराजांशी बोलल्याचं सांगतो. त्याचा ग्रंथ इटालियन, पोर्तुगीज आणि फ्रेंच अशा तीन भाषांत लिहवून घेतलेला आहे. आपण मात्र बहुतेक करून अर्विनच्या १९०७-०८ च्या इंग्रजी भाषांतराच्या आधाराने बोलतो. फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारी १५८३ मध्ये कोचीनला आला आणि १५८८ मध्ये गोव्यात वारला. त्याने मायदेशी पाठवलेल्या पत्रांत संस्कृतचे आकडे आपल्या आकड्यांसारखे आहेत अशी नोंद केली, संस्कृत आणि युरोपीय भाषांचं नातं जगापुढे मांडणाऱ्या विल्यम जोन्सच्या दोनशे वर्षं आधी. तिच्या कोथरूडच्या क्लासात पहिल्या दिवशी ती फळ्यावर लिहिते: सेई, सेत्ते, ओत्तो, नोवे. मुलं आपोआप म्हणतात: सहा, सात, आठ, नऊ. परीक्षेसाठी आलेली मुलं त्या दिवशी वेळ संपला तरी उठत नाहीत.

दुसऱ्या मुलाखतीत पुन्हा तोच प्रश्न आला, दुसऱ्या शब्दांत. "इटालियनला तर नेट नाही. मग ते कशाला?" ती म्हणाली, "सर, इटालियनच्या नावावर मी पद मागत नाहीये. माझं नेट रशियनमध्ये आहे, शिकवणार रशियनच. पण हस्तलिखित कसं वाचायचं हे मी इटालियनमधून शिकले, म्हणून निकितीन वेगळा दिसला." मग तिने गव्हाची गोष्ट सांगितली. समितीतल्या एका बाई शेतकरी घरातल्या असाव्यात. त्या लगेच म्हणाल्या, "हो की, गहू कसा पेरतील?" आणि पंधरा मिनिटं त्यावरच बोलणं झालं.

पद तिला मिळालं नाही. पीएच.डी. झालेल्या दुसऱ्या उमेदवाराला मिळालं, आणि नियमाने पाहता त्यात गैर काही नव्हतं. मला मात्र फार लागलं. तिला लागलं नसेल असं नाही, पण त्याच आठवड्यात तिने पीएच.डी.ला नोंदणी केली, मराठीच्या एका प्राध्यापकांना सह-मार्गदर्शक घेऊन. विषय निकितीनचे दख्खनी शब्द. त्या शेतकरी घरातल्या बाईंनी लेखाचा मसुदा मागवून घेतला आणि कडधान्यांवर दोन पानं टिपणं लिहून परत पाठवला. तासिका अजून तासिकाच आहेत. भाषांतरं रात्रीच होतात. रविवारची दुपार आता भांडारकरच्या वाचनालयात जाते.

गेल्या जूनमध्ये मागच्या बाकावरचा तो मुलगा गावाहून आला, तो वहीचं एक पान घेऊनच. आजोबांना विचारून त्याने पावसाळ्यात त्यांच्याकडे काय काय पेरत आले त्याची यादी केली होती: भात, नाचणी, वरई, सावा, बाजरी, उडीद, हुलगा, खुरासणी. तिने फळ्याच्या एका बाजूला निकितीनचे तीन शब्द सिरिलिकमध्ये लिहिले, दुसऱ्या बाजूला आजोबांचे आठ, आणि खडू त्या मुलाच्या हातात दिला.